फोटो तर झकास आहे

"फोटो तर झकास आहे," डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून चौथ्या खेपेलाही तेच सांगितलं. "टोपी जागच्या जागी, वाटी जागच्या जागी. वजन तेवढं उतरवा."

मिस्त्रींचं डोकंच फिरलं. फोटो एवढा झकास असेल तर त्यालाच पाठवा की कामावर! उकिडवं बसल्याशिवाय पंप खोलता येत नाही, म्हणून तर त्यांनी पूर्ण सांधा न बदलता खुब्याच्या हाडावर नुसती धातूची टोपी आणि खोबणीत धातूचीच वाटी बसवून घेतली होती. तीन वर्षं बरी गेली. आता जिना चढताना जांघेत कळ यायची आणि आतून कुरकुर ऐकू यायची. धातूवर धातू घासला की आधी तेलात चुरा उतरतो, पंप बाहेरून नवाकोराच दिसतो, हे त्यांनी मागच्या खेपेला समजावून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, माणूस म्हणजे पंप नव्हे. पालथ्या घड्यावर पाणी!

पण मिस्त्रीही काही कमी नव्हते. रडगाणं गाणाऱ्या गिऱ्हाइकांचा त्यांना जन्मभर तिटकारा. म्हणून दर खेपेला सकाळीच दुखण्याच्या दोन गोळ्या घ्यायच्या, दाराबाहेर काठी बायकोच्या हातात द्यायची आणि आत ताठ चालत जायचं. डॉक्टर प्रत्येक वेळी कागदावर लिहायचे, 'चाल उत्तम'.

आज बायकोचा बांध फुटला. ती काठी घेऊनच आत आली.

"डॉक्टर, हे सोंग करतात तुमच्यापुढे. घरी चार पावलं टाकताना भिंत धरतात. आज मी गोळ्या लपवून ठेवल्यात. आता चालवून बघा."

मिस्त्री चालले. दुसऱ्याच पावलाला कंबर एका बाजूला कलली. डॉक्टरांनी रक्ततपासणी आणि स्कॅन लिहून दिलं.

आठवड्याने निकाल आला. रक्तात धातू कितीतरी पट वाढलेला. चुऱ्याने सांध्याभोवतालचा स्नायू खाऊन टाकला होता. टोपी काढून पूर्ण सांधा बसवावा लागणार होता, पण गेलेला स्नायू काही परत येणार नव्हता. तुमचंच म्हणणं खरं होतं, मी ऐकायला हवं होतं, असं डॉक्टर खाली मान घालून म्हणाले.

"खरं ठरून काय लोणचं घालू?" मिस्त्री म्हणाले. "उकिडवं बसता येईल का, तेवढं सांगा."

डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

घरी पोचतात तोच जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. पंप चालतोय, पाणी चढत नाही, कधी येता? मिस्त्रींनी फोन पंपाजवळ धरायला लावला आणि बराच वेळ कान देऊन ऐकलं.

"बेअरिंग गेलंय. आधी बंद करा तो," ते म्हणाले. "आणि दुसरा मिस्त्री बघा. मला आता खाली बसता येत नाही."