सूर आमचा, नाव त्याचं

मी गिटार बोलतेय. माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नागपुरातल्या इंदोरा वस्तीच्या रुपरावनं मला सागाच्या फळीतून स्वतः घडवलं, १९७० साली. जुन्या रेडिओला जोडलं की मी गरजायची. तारांवर तो स्टीलचा गिलास घासायचा आणि मी अशी हंबरायची, की त्याची आई रंभाबाई चुलीपासून ओरडायची, "काहून रडवून राहिला बाप्पा तिले?"

कॉलेजातली पोरं मात्र डोळे मिटून डोलायची. याला सायकेडेलिक रॉक म्हणतात, असं आमच्या बँडमधला ऑर्गनवाला कृष्णकांत ऐटीत सांगायचा. टेपरेकॉर्डर त्याचाच. आमचं वादन टेप करून तो मुंबईला गेला. "बोलावतो तुले," म्हणाला. बोलावलं नाही. बँड मोडला. रुपराव गिरणीत लागला, मी खुंटीला.

पंधरा वर्षांनी शेजारच्या इंदूबाईंकडे टीव्ही आला. रविवारी भुताची मालिका लागली आणि भिंतीपलीकडून मला माझंच हंबरणं ऐकू आलं! रुपराव तिथंच बघत बसला होता. पडद्यावर नाव होतं, संगीत : कृष्णकांत.

रुपराव घरी आला तो ताटावर नुसता बसून राहिला.

"जेवत काहून नाही जी?" बायको सुमतीनं विचारलं.

"माझं पोर दुसऱ्याच्या नावानं शाळेत जाऊन राहिलं, सुमती."

पुढं नागपुरात कृष्णकांतचा सत्कार ठरला. सुमतीनंच मला खुंटीवरून काढलं, पदरानं पुसलं. "हिले घेऊन जा. भर सभेत विचारा त्याले."

सभेत कुणीतरी विचारलं, तो आवाज कसा काढला? "मुंबईच्या मशीनवर," कृष्णकांत हसला. तेवढ्यात रुपराव मंचावर चढला. लाउडस्पीकरला मला जोडलं, तारांवर गिलास घासला. मी पंधरा वर्षांचं सगळं ओकून टाकलं. सभागृहानं तो आवाज ओळखला.

"रुप्या, पुढच्या मालिकेत तुझं नाव टाकतो गा," कृष्णकांत कुजबुजला.

"पुढचं सोड. हा सूर कोनाचा हाय, ते माइकवर सांग."

त्याला सांगावं लागलं.

महिन्याभरात मालिकेचं संगीतच बदललं. आमचा सूरही टीव्हीवरून गेला. रुपराव हळहळला. मी नाही.

परवा कृष्णकांत घरी आला. केस पिकलेले, आवाज नरम. "एकदा हातात घेऊ?" रुपरावचं मन मेणाचं, त्यानं मला दिलं. कृष्णकांतनं तार छेडली, ती ताडकन तुटली आणि त्याच्या बोटात शिरली. रक्ताची धार लागली.

"जुनी तार होती गा," रुपराव म्हणाला.

तुम्हीही तसंच समजा. फक्त मला एक नवी तार तेवढी बसवा. अजून त्याची नऊ बोटं शिल्लक आहेत.