शिवेवरून परतलेली माशी

मी एक म्हातारी घरमाशी आहे. वय विचाराल तर महिनाही भरलेला नाही, पण आमच्यात तेवढ्यात नातवंडं होतात. अंग करडं, पाठीवर चार काळे पट्टे, डोळे विटकरी, पंख दोनच. पायांना लव आणि तळव्यांना चिकटा आहे. त्यामुळे आढ्याला उलटी चालते आणि जिथं बसते तिथलं थोडंफार सोबत नेते. दात नाहीत, म्हणून भाकरीवर आधी थुंकते, मग चोखते. मित्रांनो, तोंड वाकडं करू नका, माझा नाइलाज आहे.

जन्म ताडकळस गावच्या उकिरड्यातला. राज्य निजामाचं, पण उकिरड्यावर आमचंच चालतं.

यंदा गावात पटकी, जुलाब-उलट्यांची साथ आली. उकिरड्याशेजारच्या घरातला आश्रुबा अंथरुणाला खिळला. मी रोज त्याच्याकडे जाई. हाकलायला त्याच्या हातात बळ नव्हतं. परभणीहून सरकारी साहेब आला आणि उर्दूत भाषण करून गेला. गावानं ते अदबीनं ऐकलं आणि घरी गेलं. एकट्या मनकर्णेनं उर्दू समजणाऱ्या कोतवालाला गाठलं. तिची आधीची लेकरं वाचली नव्हती. आता चिमुकली सगुणा तेवढी होती.

"काय म्हनायलता वो सायब?"

"खानं झाका म्हनला. दुसरं काय!"

गावानं मरीआईचा गाडा काढला. गाड्यावर दहीभाताचा निवद ठेवून, हलगी वाजवत तो शिवेपार ढकलला की रोगही जातो, अशी श्रद्धा. मी आश्रुबाच्या अंथरुणावरून उठले ती थेट निवदावर बसले. शिवेपार गाडा सोडून लोक नाचत परतले. मीही परतले, मनकर्णेच्या सासूच्या, कस्तुराबाईच्या, पदरावर बसून.

घरात सगुणाचा दहीभात फडक्याखाली होता.

"अगं, आता कशाला झाकतीस? आई गेली की शिवेपार! इस्वास न्हाई व्हय तुझा?"

"आईवर लय हाय, आत्याबाई. तुमच्या पदरावरच्या माशीवर न्हाई."

कस्तुराबाईनं पदर झटकला. मी फडक्यावर फिरफिर फिरले. वास येत होता, वाट नव्हती. मनकर्णेनं मला उडवलं आणि लेकीला पदराआड घेऊन भरवलं.

आश्रुबा गेला. सगुणा राहिली. गावानं मरीआईची ओटी भरली. फडक्याची कोण भरणार?

मित्रांनो, मला मारायला धावू नका, मी उद्यापरवा जाणारच आहे. फक्त ताट झाका. सगुणाच्या घरी मला कधी घास मिळाला नाही. तरी मी आढ्यावर जाऊन बसते. खाली पोर रांगत असते, आणि बघत बसावंसं वाटतं.