एक जून

हे लिहिणार नव्हतोच. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं.

तलासरीजवळ एका केमिकल कंपनीत मी कॉम्प्युटर बघतो. डिग्री नाही, मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो. कंपनीत सॉफ्टवेअर दोन. गेटचं वेगळं, सेफ्टीचं वेगळं. कोणाचं ट्रेनिंग झालं, कोण मेडिकलला पास, ते सेफ्टीला माहीत, गेटला नाही. ऑडिटची तारीख आली तसे आमचे मॅनेजर पीयूषभाई म्हणाले, "दोन्ही जोडून टाक."

कामगारांचे नंबर दोन्हीकडे वेगवेगळे. मग मी नियम लिहिला: नाव, गाव, जन्मतारीख जुळली की माणूस एकच. गेटच्या स्क्रीनवर भराभर सगळे हिरवे झाले, म्हणजे आत कामाला पास. पीयूषभाईंनी फाफडा मागवला.

बुधवारी सकाळी गेटवर शुक्रा दिसला. कैनाडचा, माझ्या वर्गातला. सात वर्षं बाहेर ड्रम लावतोय. फिट येते, म्हणून त्याला आत कधी घेतलाच नाही. आज अंगावर नवाकोरा सेफ्टी बेल्ट.

"कुठे निघाला नवरदेव?"

"टाकीत उतरायचंय उद्या. साफ करायला. आज बेल्ट दिला."

"तुझं ट्रेनिंग कधी झालं?"

"माझं कुठलं? ते आमच्या पाड्यावरच्या दुसऱ्या शुक्राचं. डॉक्टरने पण त्यालाच तपासला." तो हसला. "पण मशीनने मला हिरवं दिलं ना!"

शुक्रवारी जन्मला तो शुक्रा. आडनाव एक, गाव एक. आणि जन्मतारीख? शाळेत गुरुजींनी सगळ्यांना एक जूनच लावलेली, वर्गातल्यांना सालही एकच. माझीही एक जूनच आहे. म्हणजे मला माहीत होतं.

पीयूषभाईंकडे पळालो.

"ऑडिट उद्या दुपारी. आता हात लावशील तर सगळं लाल होईल. शुक्रवारी कर."

"भाई, टाकी उद्या सकाळी आहे."

"हिरवं आहे ना? बस तर."

टाकीचं काम नविनभाई बघतात. त्यांना सांगायला निघालो, तर शुक्राने मागून येऊन दंड धरला.

"बोलू नको."

"आत फिट आली तर? वर कोण काढेल तुला?"

"चार महिने नाय आली. आजपर्यंत सगळे विचारायचे, बरा आहेस ना रे? पहिल्यांदा कोणी काय विचारलं नाय, सरळ आत बोलावलं. पोरीला पण सांगून झालंय."

त्याची पकड घट्ट होती. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. चूक माझी, आणि गप्प बस म्हणून तोच विनवत होता.

नविनभाईंनी लांबूनच हाक मारली. "काय काम होतं, कॉम्प्युटर मास्तर?"

"काय नाय, असंच!" मी ओरडलो.

शुक्राने दंड सोडला नव्हता.

"पक्कं ना?"

"पक्कं. कोणाला नाही सांगणार."