सहा दहाची बोट

आमच्या सूनबाईंनी विमानात पाय ठेवणार नाही असं जाहीर केलं, त्या दिवशी मी तिच्या बाजूची नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मागाहून सगळेच म्हणतात की आम्हाला पहिल्यापासून कौतुक होतं. मला नव्हतं. मला वाटलं, झालं, घरात आणखी एक खूळ शिरलं. याच्या आधीचं खूळ माझ्या मुलाचं होतं. त्याने सहा महिने साखर सोडली होती आणि आम्हा दोघींना जीव नकोसा केला होता.

सून हवा मोजते. प्रयोगशाळेत बसून हवेत कार्बन किती, कालच्यापेक्षा किती वाढला, हे दशांश चिन्हाच्या पुढे चार घरांपर्यंत लिहिते. बोलायची अगदीच कमी. शेजारणीकडे आपणच ठेवलेली किल्ली मागायची तरी तिच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत येईल. अशा बाईने जेवता जेवता सांगितलं, "मी दिवसभर जे मोजते, त्यात माझ्या हाताने भर घालणं मला आता जमणार नाही. जिथे जमिनीवरून, पाण्यावरून जाता येतं, तिथे मी तशीच जाणार."

"बोट काय हवेवर चालते?" मुलगा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर आहे, दवाखाना घराच्या खालीच. दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालायची सवय, त्यामुळे घरी बोलण्यात घालतो.

"नाही, तीही जाळतेच. पण कशाने गेलं तर किती, ते मी काढलंय. दाखवू?"

त्याने ताट पुढे ओढलं. तिचे आकडे बघायची हिंमत आमच्या घरात कुणाचीच नाही.

पुढे चार महिन्यांनी ते पत्र आलं. समुद्रापलीकडच्या एका बंदराच्या शहरात मुलाखत. चार मोजणी केंद्रांची प्रमुख नेमायची होती, आणि बारा वर्षं मान मोडून काम केल्यावर या पोरीचं नाव यादीत पहिलं लागलं होतं. गुरुवारी सकाळी दहा वाजता समोर हजर राहायचं. पडद्यावरून बोललेलं चालणार नाही. वेळेवर न येणाऱ्याचा विचार होणार नाही, हेही पत्रात सरळ लिहिलं होतं. विमानाने दीड तास.

"एवढ्या एका वेळेला जा," मुलगा म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," ती म्हणाली.

मी अजूनही तिच्या बाजूची झाले नव्हते. पण तिने फोनवर शोधलेला रस्ता मी सहज डोकावून बघितला आणि माझं डोकंच फिरलं. कुठल्याशा फलाटावर अकरा तास बसायचं, मग आलो त्याच दिशेला उलटं जायचं, मग आणखी काही. मी स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं काढली आहेत. तिथे मला घड्याळबाई म्हणायचे, आणि ते काही लाडाने नाही. माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच घरातल्या माणसाने असला रस्ता धरायचा? "ठेव तो फोन," मी म्हटलं, "आणि मला कागद-पेन्सिल दे." तत्त्व वगैरे राहू दे. माझ्या धंद्याचा प्रश्न होता.

दोन संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावरून उठले नाही. तीन गाड्या, एक घाटातली बस आणि शेवटी बोट. सोमवारी सकाळी निघायचं, बुधवारी संध्याकाळी बंदरावर, गुरुवारी सकाळी सातला पलीकडे. प्रत्येक बदलाला निदान चाळीस मिनिटं हातात, आणि एक गाडी चुकलीच तर मागून दुसरी. फक्त शेवटी जरा ओढाताण होती. गाडी सहा पंधराला बंदरात, बोट सहा चाळीसला. पण फलाट आणि धक्का अगदी लागून आहेत, चालायला पाच मिनिटं पुरतात. मी रस्ता लिहून तिच्या हातात दिला तेव्हा मुलगाही वाचत राहिला.

सोमवारी ती निघाली. मग दोन दिवस मी घरात अशी वावरत होते की गाडी जणू मीच चालवते आहे. 'आई, पहिली गाडी सहा मिनिटं लवकर आली.' मी मुलाला वाचून दाखवलं. 'आई, घाटात डावीकडे बसा म्हणालात ते बरं झालं, सगळं खोरं दिसलं.' तेही वाचून दाखवलं, दोनदा. मुलगा म्हणाला, "आई, मी पेशंटला भूल देऊन वर आलोय. तेवढा दात काढून येतो, मग उरलेलं कौतुक ऐकतो."

बुधवारी दुपारी चार वाजता मी बोटीच्या कचेरीत फोन केला. गरज काहीच नव्हती. बोटीत कमी हलणारी जागा कुठली, एवढंच विचारायचं होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या खिडकीवरच्या बाईशी दोन शब्द बोलायचे होते. पलीकडून आवाज तरुण होता.

"आज संध्याकाळच्या बोटीत ना? मधल्या मजल्यावर बसायला सांगा. सहा दहाला सुटते."

"सहा चाळीसला," मी म्हटलं. चुकणाऱ्या माणसाला मी नेहमी ज्या सुरात सांगते त्याच सुरात.

"नाही हो. एक तारखेपासून सहा दहा. आता गाड्यांचं आणि बोटींचं वेळापत्रक एकाच दिवशी बदलतं."

माझ्या काळात गाड्यांचं वेळापत्रक आधी बदलायचं आणि बोटींचं पंधरा दिवसांनी. एकतीस वर्षं मी हेच घोकलं होतं. गाड्यांची प्रत्येक वेळ मी दोनदा तपासली, आणि बोटीची तपासलीच नाही, कारण ती मला माहीत होती. नवखी असते तर बघितली असती. पुढची बोट दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला.

मुलगा चहाला वर आला होता. माझा चेहरा बघून त्याने विचारलं आणि मी म्हटलं, "तिची बोट चुकणार."

"झालं!" त्याने कप आदळला. "मी काय सांगत होतो? गाड्यांच्या भरवशावर कुणी असल्या कामाला जातं का? हे तत्त्व तिला भोवणार, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं."

मी काही बोलले नसते तर विषय तिथेच मिटला असता. सगळ्यांनी तिच्या हट्टाला नावं ठेवली असती आणि माझ्याकडे कुणाचं बोटही गेलं नसतं. क्षणभर मोह झाला, नाही कशाला म्हणू? पण ती पोरगी तिकडे माझ्या कागदावर विश्वास ठेवून बसली होती.

"गाड्यांचं नाव घेऊ नकोस," मी म्हटलं. "गाडी वेळेवर आहे. तिचा हट्टही चुकलेला नाही. चूक माझी आहे. बोटीची वेळ मी बघितलीच नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या आयुष्यात त्याने हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं असावं. मग तो ओरडला नाही. फोन काढून भराभर शोधू लागला. चार पंचवीसला तिची गाडी एका मोठ्या स्टेशनात थांबणार होती. तिथून विमानतळ अर्ध्या तासावर, सातच्या विमानात जागा होत्या. रात्री जेवायला ती पलीकडच्या शहरात असती.

मी तिला फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. "चार पंचवीसला उतर," मी म्हटलं, "आणि विमानाने जा. तुझा शब्द तू मोडलेला नाहीस, मी मोडायला लावलाय. कुणी काही बोललं तर मी बघून घेईन."



"आई," ती म्हणाली, "दुसरं काही असेल तर सांगा ना. तुम्ही एकतीस वर्षं खिडकीवर होता."

"अगं, बारा वर्षांचं काम आहे तुझं!"

"म्हणूनच. तुम्ही आठवून बघा. मी उतरत नाही."

मला रागही आला आणि डोळ्यांत पाणीही आलं. चार पंचवीस होऊन गेले. मुलाने कपाळावर हात मारला. मी खुर्चीत बसून डोळे मिटले आणि सगळी नियमांची पुस्तकं डोक्यात चाळू लागले. आणि सापडलं! एकाच गाडीने बोटीचे दहा किंवा जास्त प्रवासी येत असतील, आणि गाडीच्या गार्डने तासभर आधी आकडा कळवला, तर बोट वीस मिनिटांपर्यंत थांबवायची. मी बोटीच्या कचेरीत पुन्हा फोन केला.

"थांबा हं, बघते," ती मुलगी म्हणाली. पानं उलटल्याचा आवाज. "आहे की! कुणी वापरतच नाही. पण सहा दहाच्या आधी तासभर म्हणजे पाच दहा. त्याच्या आत कळवा, आणि पुरे दहा हवेत. नऊ असले तर कॅप्टन ऐकायचा नाही."

त्या गाडीत बोटीचे लोक असणार, हे मला ठाऊक होतं. बोट पुढे निघून जाते म्हणून बिचारे बंदरात रात्र काढून दुपारच्या बोटीने जाणार असतील. पण कोण, कुठल्या डब्यात, हे कुणालाच माहीत नव्हतं. डबे सात. विचारत फिरायचं होतं ते आमच्या सूनबाईंनी, जिला शेजारणीकडे किल्ली मागवत नाही.

"फोन चालू ठेव," मी तिला म्हटलं. मुलाने तो टेबलावर मोठ्या आवाजात लावला. खाली दोन पेशंट बसले होते, ते बसलेच होते.

पहिल्या डब्यात तिचा आवाज इतका बारीक होता की आम्हालाही ऐकू आला नाही. "मोठ्याने!" मी इकडून ओरडले. मग आला. "नमस्कार. बंदरातून बोटीने पलीकडे जाणारं कुणी आहे का? दहा जण झालो तर आजची बोट आपल्यासाठी थांबेल." कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, खरंच? एक नवरा-बायको निघाले. दुसऱ्या डब्यात कुणी नाही. तिसऱ्यात एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची नात. चौथ्यापासून तिचा आवाज बदलला. मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. सहाव्या डब्याच्या शेवटी मोजणी झाली. तिला धरून नऊ. पाचला पाच मिनिटं कमी.

"मला धरा की दहावा," एका माणसाचा आवाज आला. "मी बंदरातच राहतो, पण गार्डला काय कळतंय?"

"हो म्हण!" मी टेबलावर हात आपटला. "हो म्हण, पोरी!"

"नको," ती म्हणाली. त्याला की मला, देव जाणे. "आभार. पण आकडा खोटा नको. अजून एक डबा राहिलाय."

मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी त्याच्या लग्नाच्या दिवशीही बघितलं नव्हतं. "अशी आहे ती," तो हळूच म्हणाला. जणू मला माहीत नाही!

सातवा डबा सामानाचा आणि सायकलींचा. तिथे पन्नाशीच्या चार बायका सायकलींना टेकून खाली जमिनीवर पत्ते खेळत बसल्या होत्या. चौघीही बोटीच्या. तेरा झाले. आमच्या टेबलावर माझा दातांचा डॉक्टर दोन्ही हात वर करून ओरडला, आणि खालून एका पेशंटने विचारलं, सगळं ठीक आहे ना?

गार्ड कुरकुरला. असला नियम आपण ऐकलेला नाही म्हणाला. "त्यांना फोन दे," मी म्हटलं, आणि मग मी घड्याळबाई झाले. कलम, पान, ओळ, सगळं म्हणून दाखवलं. पाच वाजून चार मिनिटांनी त्याने बंदराला आकडा कळवला. बोट सहा सव्वीसला सुटली. सायकली आधी चढवल्या, मग माणसं.

गुरुवारी दुपारी एक वाजता तिचा फोन आला. मुलाने आणि मी एकदमच उचलायला हात घातला.

"त्यांनी विचारलं," ती म्हणाली, "जी बाई दीड तासाच्या वाटेला तीन दिवस लावते, तिच्या हाती चार केंद्रं कशी द्यायची? मी त्यांना काल काय झालं ते सांगितलं."

"माझी चूक सांगितलीस?" माझा चेहरा तापला. "चार परक्या माणसांसमोर?"

"हो. म्हटलं, माझ्या सासूबाई एकतीस वर्षं चुकल्या नाहीत. काल चुकल्या, आणि कुणी पकडायच्या आत स्वतः सांगितलं, म्हणून ती चूक दुरुस्त झाली. केंद्रावर मला अशीच माणसं घडवायची आहेत. आणि प्रवास मी असाच करणार, हेही सांगितलं." मग हळूच म्हणाली, "आई, मला घेतलंय त्यांनी. प्रवासाचे जास्तीचे दिवससुद्धा मान्य केलेत."

मुलगा खुर्चीत बसला आणि चष्मा पुसू लागला. मी तिला जेवलीस का विचारलं.

"जेवते आता. आधी तुम्हाला सांगायचं होतं. पोचले, आई. तुम्ही सांगितलेल्या वाटेने, वेळेवर पोचले."

चौकशीच्या खिडकीवर माणूस परत येतो तो भांडायलाच. गाडी चुकली, फलाट चुकला, तुम्ही चुकीचं सांगितलंत. जो नीट पोचतो तो कशाला येईल सांगायला? एकतीस वर्षांत मी किती माणसांना वाटेला लावलं असेल, त्यातलं कुणीही पोचले म्हणून सांगायला आलं नव्हतं. हे मी फोनवर तिला म्हटलं नाही. मुलासमोर रडले मात्र, आणि पुसायला काही न शोधता तशीच बसून राहिले.