पेटीत कोंबडी बसली तेव्हा

मी एक जुनी संत्र्याची पेटी आहे. जुनी म्हणजे दुसऱ्या हंगामातली. पुठ्ठ्याची पेटी दोन दिवसांत उकिरडा गाठते, त्या हिशेबानं मी पणजी लागते. पाया पडायचं असेल तर पडा.

मित्रांनो, माझा जन्म वरूडचा. कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, बांधावर जळतात. गावच्या आचलनं त्या जळू दिल्या नाहीत. भिजवल्या, कुटल्या, लगदा दाबून फळ्या केल्या आणि खाचेत खाच बसवून मला उभी केली. खिळा नाही, प्लास्टिक नाही. रिकामी झाले की घडी, घडी झाली की परत वरूड. तिची आई म्हणाली, "पोरीनं इंजिनेरी शिकून सरपन कुटलं!"

संत्र्याचे व्यापारी अब्दुल गफ्फार यांनी अट घातली. "माल अकोल्याले जाईन. साऱ्या पेट्या वापस आल्या, तं पुढचा हंगाम तुह्या पेटीत. एक बी राह्यली, तं आपलं प्लास्टिक बरं."

साऱ्या परत आल्या. एक राहिली. ती मी.

अकोल्याच्या फळवाल्या देवमननं मला घरी नेलं होतं. त्याच्या आईनं, गोदाबाईनं, माझ्यात अंड्यांवर कोंबडी बसवली होती. आचल मला शोधत आली. पोरीची फजिती डोळ्यांनी पाहावी म्हणून गफ्फारकाकाही मेटॅडोरमधून सोबत आले.

आचलनं मला हात लावला. कोंबडीनं तिला टोचलं.

"खबरदार!" गोदाबाई ओरडली. "खुडूक कोंबडी उठवत असते काय वं? आंडे नासतीन!"

मी घडी व्हायला तयार होते हो. पण पोटात अंडी असताना कोण घडी घालून घेतं?

"मंग गेली शर्त," काका म्हणाले.

आचलचा चेहरा पडला. पण जीभ पडली नाही. "काहून गेली, काका? तुमची पेटी लोकं फेकतात. माही पेटी लोकं सोडून नाई राह्यले!"

"खरं हाय," गोदाबाई म्हणाली. "पुठ्ठ्यात बसवली, तं बूड भिजून फाटलं. प्लास्टिकच्या क्रेटात बसेच ना. याच्यात कशी ठाकुरीनवानी ऐटीत बसली पाहा!"

काकांच्या घरीही कोंबड्या होत्या. बसलेली कोंबडी उठवणं त्यांच्याही घरी चालत नसे. ते बराच वेळ माझ्यातल्या कोंबडीकडे पाहत राहिले. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. शेवटी काकांनीच नजर खाली वळवली.

"पिल्लं निघाल्यावर आन," ते म्हणाले. "शर्त तवरोक थांबली. पन रिकामी आन!"

पिल्लं निघाली. मी परत आले. बूड नरम पडलं होतं, म्हणून आचलनं तेवढंच बदललं आणि जुनं बूड कोंबडीच्या विष्ठेसकट संत्र्याच्या झाडाच्या बुडाशी पुरलं. यंदा काकांचा सारा माल आम्हीच वाहतो.

तेव्हा मित्रांनो, मी रिकामी झाले की घडी घाला आणि परत पाठवा. कोंबडी बसली असेल तर थांबा. आणि फेकायचंच असेल, तर खुशाल फेका! मी मातीत जाईन, झाडाला लागेन, संत्रं होऊन येईन. मग मला न्यायला पेटी तुम्हालाच शोधावी लागेल.