पत्र्यावरचा मालक

यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी जीभ इथंच गळून पडू दे. हसू नका, आधी ऐका.

त्या सकाळी शेळीवाली आत्या गिरणीच्या दारात उभी होती आणि तिचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखले होते. रक्त तिच्या टिकलीचं. टिकली म्हणजे तिची सगळ्यात दुभती शेळी, नुकतीच व्यालेली. गिरणीवाल्याच्या कुत्र्यानं तिला बांधावरच लोळवली होती, आणि तिकडे गोठ्यात करडू ओरडून ओरडून घसा बसवून घेत होतं.

"बाहेर ये, मेल्या!" आत्या गरजली. "नाहीतर तुझ्या गिरणीच्या पट्ट्यात खराटा घालते!"

गिरणीवाला आला. पिठानं पांढरा, पोटानं पुढे. गावात गिरणी ही एकच. त्याच्याशी वाकडं घेतलं की घरी कच्चे दाणे चघळत बसायचं, म्हणून सगळे त्याला नरमाईनं घ्यायचे. त्यात त्यानं लांबून कुठून तरी मोठ्या जातीचा कुत्रा आणलेला. केवढा? तो अंग झाडायचा तेव्हा पलीकडच्या आळीत वाळत घातलेले कपडे दोरीवरून पडायचे. गाव त्याला 'धूड' म्हणायचं.

"माझा काय दोष त्यात, आत्या? जातच तशी. लढाऊ रक्त. पाहुण्यांना दाखवायला जरा सोडला, तर गेला धावत."

"दाखवायला सोडला?"

"मग? एवढं जनावर काय झाकून ठेवायला घेतलंय? तूच शेळ्या बांधून ठेवायच्यास."

दळणाच्या रांगेतून आत्याची जाऊ ओरडली, "गोळी घाला त्याला! असली जात गावात नकोच."

"घाला की," गिरणीवाला हसला. "दुसरा आणीन. याच्याहून दांडगा."

ते हसणं आत्याच्या काळजात काट्यासारखं मोडून राहिलं. ती घरी गेली, हात धुतले, आणि उंदराचं औषध पिठात कालवून गोळा वळला.

दुपारी माती अशी तापली होती की पाखरंही एका पायावर उभी होती. गिरणीवाला जेवून आडवा झालेला. आत्या मागच्या अंगणात शिरली. मनात एकच, धुडाला तडफडताना बघायचं. डोळे भरून बघायचं.

पण बघितलं ते वेगळंच. साखळी एवढी आखूड, की कुत्र्याला धड आडवं होता येत नव्हतं. पट्टा रुतून मान सोललेली, त्यावर माश्या. भोवती जिवंत फाडलेल्या कोंबड्यांची पिसं, पुढ्यातलं अन्न तिखटानं लालभडक. तिखट खाल्लं की कुत्रा तिखट होतो, हे गिरणीवाल्याचं शास्त्र! आणि पाण्याचं भांडं पालथं, बरोबर साखळी संपते तिथून हातभर पुढे.

धुडानं गोळ्याकडे पाहिलंच नाही. आत्याच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिलं.

"अरे माझ्या वैऱ्या," आत्या पुटपुटली. "तू मारलंस खरं. पण तुला असा केला कोणी?"

तिनं काठीनं भांडं सुलटं केलं, पाणी ओतलं, भांडं लांबूनच पुढे सरकवलं. गोळा परत नेला आणि चुलीत जाळला. राग मात्र जाळला नाही. तो नीट घडी घालून ठेवला, गिरणीवाल्याच्या मापाचा.

आता बघा, आई मेलेलं करडू दुसरी शेळी जवळ करत नाही, ढुशा मारते. तेव्हा शेळीवाल्या काय करतात? शेळीकडे पाठ करून बसतात. डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हात मागे सोडायचा, तिला वास घेऊ द्यायचा. घाई नाही. टिकलीचं करडू आत्यानं असंच दुसऱ्या शेळीला लावलं. आणि दुपारी गिरणीमागे जाऊन तेच धुडापुढे केलं. आधी साखळीच्या बाहेर, मग हळूहळू जवळ. पाणी, बिनतिखटाचा तुकडा, मानेला मलम.

जावेला कळलं तेव्हा तिनं कपाळ बडवलं. "अहो बाई, तुमची शेळी खाल्ली त्यानं! त्यालाच भरवता?"

"मी भरवत नाही, मी धार लावतेय," आत्या म्हणाली.

शेळ्यांना थांबवायला ती काठी दोनदा जमिनीवर आपटायची. पावसाचे ढग जमायला लागले तोवर ती ठकठक धुडालाही कळायला लागली. वाजली की बूड टेकायचं.

मग दळणाला भरगच्च गर्दी असलेला दिवस निवडून आत्या गिरणीत उभी राहिली.

"काय रे, तुझा कुत्रा तुझं ऐकतो का?"

"माझ्यापुढे कोकरू आहे कोकरू!"

"मग सोडून दाखव की सगळ्यांसमोर. का घाबरतोस?"

बायका खुसखुसल्या. गिरणीवाल्याच्या मिशा थरथरल्या. आता माघार घेतली असती तर पीठ दळायला तोंड राहिलं नसतं. आत्यानं सगळ्यांना गिरणीत कोंडलं, दाराला कडी घातली, "खिडकीतून बघा गं," आणि स्वतः काठी घेऊन अंगणात राहिली.

गिरणीवाल्यानं सवयीनं चाबूक उचलला. तिथंच चुकलं. साखळी सुटली, धुडाला चाबूक दिसला, आणि ते असं गुरगुरलं की गिरणीतली चाळण आपोआप हलून पीठ चाळून निघालं! चाबूक एकीकडे, गिरणीवाला शिडीवर. वर चढताना धुडानं त्याची विजार मागून टरकन फाडली. खिडकीत नुसता हशा.

छपराचा पत्रा ढगाआडच्या उन्हानंही तापलेला. गिरणीवाला वर नाचतोय, खाली धूड.

"आत्या, बोलव त्याला!"

"मी कशी बोलवू? लढाऊ रक्त ना ते?" आत्या सावलीला ऐसपैस बसली.

"अगं पाय भाजतायत! निदान पाणी तरी दे!"

आत्या उठली. तेच भांडं घेतलं आणि शिडीच्या वरच्या पायरीवर पालथं ठेवलं, त्याच्या हातापासून हातभर लांब.

"आता बोल. मोठ्यानं. त्याला तिखट कोणी चारलं?"

"मी!"

"उपाशी, तहानलेला बांधून चाबकानं कोणी फोडला? जिवंत कोंबड्या पुढ्यात टाकून मारायची चटक कोणी लावली?"

"मीच गं बाई, मीच!"

"माझी टिकली कोणी मारली?"

गिरणीवाल्यानं तोंड फिरवलं. आत्या पुन्हा सावलीला जायला वळली.

"मी मारली!" तो किंचाळला. "आता दुसरा कुत्रा आणणार नाही! गावच्या मातीची शपथ!"

आत्यानं काठी दोनदा आपटली. धूड वळलं, आलं, तिच्या पायाशी बूड टेकून बसलं.

तिनं त्याच्या तोंडाला दोरीचं मुसकं चढवलं. जाऊ आतून म्हणाली, "आता कशाला? ऐकतोय की तुमचं."

"त्याच्या जबड्यात काय ताकद आहे ते माझ्या टिकलीनं बघितलंय," आत्या म्हणाली. "माया करीन, पण विसरणार नाही."

धूड शेवटपर्यंत तिच्याकडे राहिलं. लांब दोरी, सावली, भरलेलं भांडं. आणि बाहेर निघताना मुसकं, रोज. शेळ्यांच्या कुंपणात मात्र त्याला कधी पाऊल टाकू दिलं नाही. आखूड साखळी तिनं गिरणीच्या दारावर टांगली. दळायला येणारी प्रत्येक बाई ती हातानं वाजवूनच आत जायची, आणि गिरणीवाला मान खाली घालून दळायचा.

सगळं खरं. बरं, एवढं एक पदरचं घातलं. ती विजार कुत्र्यानं नव्हती फाडली. शिडीच्या खिळ्याला अडकून फाटली होती. बघा, मीसुद्धा गेलेच की कुत्र्याच्या नावावर घालायला.