वास नाही

"विचारतील तेवढंच सांगायचं," विष्णुपंत चालता चालता म्हणाले. "आणि रजिस्टर पुढे केलं, तर आधी लिहिलंय तसंच खाली लिहायचं. डोकं चालवायचं नाही. तू बी.एस्सी. आहेस, हे त्यांना अर्जावरून कळलंय."

विष्णुपंत हेंद्रेपाड्यातले आमचे शेजारी आणि अंबरनाथच्या या रसायनांच्या कारखान्यातले हेडक्लार्क. माझा अर्ज त्यांनीच पुढे सरकवला होता. बडोद्याचं एक स्थळ आमच्या होकारासाठी थांबलं होतं. रविवारपर्यंत नेमणुकीचं पत्र आलं तर नोकरी, नाहीतर बडोदं, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. आज गुरुवार.

फाटकाशी सडक्या अंड्यांचा वास इतका अंगावर आला की मी पदर नाकाला लावला.

"होते सवय," विष्णुपंत म्हणाले. "अर्ध्या तासात कळतसुद्धा नाही."

वरच्या मजल्यावर तासभर बाकावर बसवून ठेवलं. शेजारी बाळ नावाचे कल्याणचे दुसरे उमेदवार होते. त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हालाही सांगितलंय का, डोकं चालवू नका म्हणून?"

मी मान हलवली. ते हसले. "म्हणजे दोघंही पास."

आत साहेब एकटेच होते. विष्णुपंत कोपऱ्यातल्या टेबलाशी कागद लावत बसले. साहेबांच्या दौतीशेजारी वीतभर उंचीचा एक गणपती होता. काळा, पण दगडाचा वाटेना. सोंडेच्या वळणात कुठेतरी चकाकी उरली होती.

प्रश्न सोपे होते. हायड्रोजन सल्फाइडचं सूत्र, त्याचा वास, हवेपेक्षा जड की हलका. मी उत्तरं दिली. साहेबांनी समाधानाने मान डोलावली आणि एक लांबट रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"आता प्रात्यक्षिक. खाली सल्फाइडचा खड्डा आहे. आठवड्यातून एकदा माणसं गाळ काढायला उतरतात. केमिस्टने नोंद केल्याशिवाय कोणी उतरत नाही, हा आमचा नियम. नोंद झाली की आमचा शिपाई नाथा खिडकीतून फडकं हलवतो. आजची नोंद तुम्ही करा."

मी खिडकीबाहेर पाहिलं. खड्ड्याच्या काठावर दोन माणसं उकिडवी बसली होती. शिडी लावलेली होती. दोघांची तोंडं आमच्या खिडकीकडे.

"खड्ड्यातली हवा तपासायला काही साधन?"

"नाक," साहेब म्हणाले. "आधीचे केमिस्ट श्यामकांत सहा वर्षं याच खिडकीशी उभे राहून नाकाने सांगायचे. तुम्हाला येतोय वास?"

"आत्ता नाही."

"मग लिहा."

रजिस्टरात पाच रकाने होते: वेळ, वास, उतरले, वर आले, सही. 'वास नाही' हे दोन शब्द पानभर एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात. शेवटची ओळ मागच्या गुरुवारची होती. वास नाही. उतरले तीन. वर आले दोन. खाली श्यामकांतांची सही, तीही तशीच सुवाच्य.

"हे श्यामकांत आता कुठे असतात?"

विष्णुपंत खोकले.

"राजीनामा दिला त्यांनी," साहेब म्हणाले. "आणि मुलाखत आम्ही घेतोय, बाई."

नाथा चहा घेऊन आला. कप ठेवायला त्याने गणपती थोडा बाजूला सरकवला आणि धोतराच्या सोग्याने त्याचं पोट पुसलं. काळं निघालं नाही.

"कशाचा आहे हो हा?" मी विचारलं.

"चांदीचा, बाई. रोज सकाळी चिंच लावून घासतो. दुपारपावेतो पुन्हा काळा. साहेब मलाच बोलतात, कामचोर म्हणून."

चांदी हा वायू धरते आणि काळी पडते. नाकाचं उलट आहे. वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास थांबतो. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवलेली गोष्ट. माझ्या नाकात सकाळचा वास नव्हता आणि हवेत तो अजून होता. जड वायू, म्हणजे या मजल्यावर जेवढा होता, त्याहून किती तरी जास्त त्या खड्ड्याच्या तळाशी.

साहेबांनी टाक दौतीत बुडवून माझ्याकडे दिला. "सही झाली की सोमवारपासून या. पत्र आजच घेऊन जा. टाइप झालेलं आहे."

ते विष्णुपंतांच्या हाताखाली होतं. माझं नाव मला तिथून वाचता येत होतं.

मी वेळ लिहिली. अकरा वाजून चाळीस मिनिटं. पुढच्या रकान्यात लिहिलं: वास कळत नाही. चांदी काळी. कोणीही उतरू नये. मग सही केली. पद्मजा.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. रागावले नाहीत. पट्टी घेऊन ओळीवर ठेवली, सरळ रेघ मारून ती खोडली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुमचं. विष्णुपंत, पुढचे उमेदवार."

विष्णुपंतांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पत्र त्यांनी मधोमध दुमडलं.

दारात बाळ भेटले. "काय विचारतात हो?"

"चांदीचा गणपती बघा," मी म्हणाले. "आणि सही करू नका."

"वा! म्हणजे तुमची नेमणूक झाली वाटतं," ते हसत म्हणाले आणि आत गेले.

मी जिना उतरले. फाटक डावीकडे होतं. मी उजवीकडे वळले.

काठावरच्या दोघांतला थोरला, रघू, कमरेला दोर बांधत होता.

"उतरू नका," मी म्हणाले. "खाली विषारी हवा आहे."

"वास तं नाय येत, बाय."

"म्हणूनच."

त्याने जोडीदाराकडे पाहिलं. "धर्मा, मागल्या येळी पन नवता ना रं वास?"

धर्मा माझ्या डोक्यावरून वर पाहत होता. मी वळले. खिडकीत नाथा उभा होता आणि त्याच्या हातातलं पांढरं फडकं हलत होतं.

"झाली नोंद," रघू म्हणाला. "बाजूला सर, बाय. दिस मोडंल आमचा."

मी शिडीच्या तोंडाशी, वरच्या पायरीवर पाय ठेवून बसले. दोन्ही हातांनी दांड्या धरल्या. वर फडकं हलतच होतं. वास कसलाच नव्हता.